महाबळेश्वर ते पुणे, एकटा, नोव्हेंबरअखेर : उतारावर बोटं का मेली?

तिसरा_गिअर | ३० नोव्हेंबर, २१:४०

मंडळी, बोटं अजून झिणझिणताहेत, तेव्हा शुद्धलेखनाला आधीच माफी.

काल सायकलने पुण्याहून महाबळेश्वरला गेलो, आज परत आलो. कात्रज, खंबाटकी, पसरणी असे तीन घाट, एका बाजूने साधारण १२० किलोमीटर. दरवर्षी आम्ही तिघं जातो. यंदा एकाच्या घरी लग्न निघालं, दुसऱ्याचा गुडघा गेला. मी एकटाच निघालो. वय ५१, सायकल साधी हायब्रिड, वेग बेताचा.

जातानाचं काही सांगण्यासारखं नाही. ऊन, घाम, वाईच्या अलीकडे मिसळ. सांगायचं आहे ते येतानाचं. पहाटे पावणेसहाला निघालो. वेण्णा तलावाच्या कडेने जाताना दिव्याच्या गोलाबाहेर काहीही दिसत नव्हतं, तलाव आहे हे फक्त गारव्यावरून कळत होतं. पाचगणीपर्यंत रस्ता वरखाली आहे, पॅडल मारावं लागतं, त्यामुळे अंग तापलेलं राहिलं. पसरणी घाट सुरू झाला आणि पॅडल थांबलं. पुढच्या पाच मिनिटांत दोन्ही हातांची बोटं लाकडाची झाली. ब्रेक दाबतोय हे सायकल हळू झाल्यावरच कळत होतं. तीनदा थांबलो, हात काखेत घालून उभा राहिलो.

एका वळणावर स्ट्रॉबेरीचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. ड्रायव्हर आणि दोन पोरं लाकडी खोक्याच्या फळ्या जाळून शेकत बसलेली. कुणी काही विचारलं नाही. एक जण थोडा सरकला, तेवढंच. दहा मिनिटं बसलो आणि निघालो.

आता प्रश्न. मला वाटलं होतं, पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, वाई ७००च्या, म्हणजे उतरत जाऊ तसं गरम होत जाईल. झालं उलटं. घाटाच्या मध्यावर जरा बरं वाटलं आणि खाली पसरणी गावाजवळ आलो तर हाडं गोठली. हे कसं काय? आणि अशा थंडीला हातमोजे कुठले घालावेत? माझे अर्ध्या बोटांचे आहेत, उन्हाळी.

घरचा प्रश्न वेगळाच आहे. "एकट्याने जायची गरजच काय होती?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

पहिला_मीच | ३० नोव्हेंबर, २१:४४

पहिला! फोटो?

तिसरा_गिअर | ३० नोव्हेंबर, २१:५१

फोटो काढायला बोट हलायला लागतं हो.

पारा_चढला | ३० नोव्हेंबर, २२:३०

अगदी बरोबर निरीक्षण आहे. तुम्हाला भेटलं त्याला तापमानाची व्यस्तता म्हणतात, म्हणजे वर ऊब आणि खाली गारठा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी ओघळत खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. वाई म्हणजे तीन बाजूंनी डोंगर असलेली परातच आहे. शिवाय धोमचं पाणी आणि कृष्णाकाठ, म्हणजे धुकं ठरलेलंच. घाटाच्या मध्याचा जो पट्टा तुम्हाला ऊबदार वाटला, तो खरोखर ऊबदार असतो.

पुण्यातही हेच चालतं. पाषाण, शिवाजीनगर भागातलं किमान तापमान पाहा आणि लोहगावचं पाहा. थंडीच्या दिवसांत दोघांत सहज काही अंशांचा फरक असतो, आणि गार असतं ते पाषाण.

आता वाऱ्याचं गणित. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ३० च्या वेगाने उतरत असाल, तर उघड्या कातडीला ती साडेसहा अंशांसारखी लागते. ४० चा वेग असेल तर सहा. म्हणजे ३० वरून ४० ला गेल्याने फारसं बिघडत नाही, मुळात हलायला लागल्यावरच जे काय व्हायचं ते होतं. (हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बेतलेलं आहे, सायकलवाल्याच्या बोटांवर नाही. बोटांचे हाल जास्तच होत असणार.)

निफाडकर | ३० नोव्हेंबर, २२:५८

सहा अंशाला थंडी म्हणणाऱ्यांचं आमच्याकडे स्वागत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा रोज पेपरात येतो तो आमचाच.

पारा_चढला यांचं द्राक्षवाल्यांना आधीपासून पाठ आहे. सखल भागातल्या बागेला आधी फटका बसतो, चढावरची वाचते. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा गरम असतं. मण्याला तडे गेले की वर्ष गेलं. मी सायकल चालवत नाही, पण पहाटे चारला मोटरसायकलवर बागेत जातो. हातमोज्यांवर उपाय सांगतो : हँडलला दोन्ही बाजूंनी जुन्या रेक्झिनचे खिसे शिवून घ्या. दिसतं भंगार, पण त्यात हात घातला की मग कसली थंडी.

अवेळ | ३० नोव्हेंबर, २३:१०

निफाडकर +१. दुधवाले काका लावायचे तसले. पण सायकलला? लोक हसतील.

निफाडकर | ३० नोव्हेंबर, २३:१२

पहाटे चारला हसायला कोण असतं?

पेलोटॉन_पाटील | १ डिसेंबर, ०७:०५

धागाकर्त्यांबद्दल आदर ठेवून सांगतो : हातमोजे ही तुमची दुय्यम अडचण आहे. पहिली अडचण म्हणजे तुम्ही एकटे होतात.

मी तीन वर्षांपूर्वी बोपदेव घाटात पडलो. कॉलरबोन मोडलं. सोबत पाच जण होते. एकाने मागची वाहनं थांबवली, एकाने गाडी मिळवली, एकाने सायकल घरी नेली. मी एकटा असतो तर? तुमची बोटं मेलेली, ब्रेक दाबता येत नाही, अंधार, घाट. आणि हे सगळं आपण "किती छान अनुभव" म्हणून वाचतोय. मला हे छान वाटत नाही, क्षमस्व.

थंडीला हलक्यात घेऊ नका. बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज सायकल शर्यतीत १९८० साली बर्फ पडला. १७४ निघाले, शेवटपर्यंत २१ पोचले. बर्नार इनो जिंकला, पण बोटांचा त्रास त्याला पुढे कायमचा राहिला.

अवेळ | १ डिसेंबर, ०७:४०

पाटील, त्या शर्यतीत १७४ जण एकत्रच निघाले होते ना? मग गटाचा काय उपयोग झाला? :दिवे घ्या:

पेलोटॉन_पाटील | १ डिसेंबर, ०७:४३

घेतले. पण मागे डॉक्टर आणि गाड्या होत्या.

उसाचा_फड | १ डिसेंबर, ०८:२०

मी सातारा जिल्ह्यातलाच. घाटाचं सोडा, तो परवडला. या दिवसांत अंधारात हायवे सोडून आतल्या रस्त्याने जाणार असाल तर एक ऐका. गळीत हंगाम सुरू झालाय. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाची टिपरी बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही. कुणी जुनी सीडी लटकवतो, कुणी तेही नाही. टेप मोठ्याने लावलेला असतो तो मजा म्हणून नाही, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून.

मी स्वतः दोन हंगाम चालवलाय. तुम्हाला आमची ट्रॉली दिसत नाही तशी आम्हाला तुमची सायकल दिसत नाही. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात गेला की पुढचे काही क्षण माणूस अंदाजानेच चालवतो. कृपा करून चमकणारं जाकीट घाला. काळे कपडे घालून अंधारात व्यायाम करणारे लोक बघितले की मला घाम फुटतो.

बीआरएमची_बाधा | १ डिसेंबर, ०९:०२

उसाचा_फड, शंभर टक्के. आमच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायची सायकलफेरी) अंधार पडल्यावर पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट नसेल तर बादच करतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७. म्हणजे ३०० पासून पुढे रात्र टळत नाही.

आणि पाटीलसाहेब, बीआरएमला नाव नोंदवतात ५० जण, पण पहिल्या ४० किलोमीटरनंतर प्रत्येक जण एकटाच असतो. एकटेपणा हा त्या खेळाचा भागच आहे. रॅमसारख्या (रेस अक्रॉस अमेरिका) शर्यतीतल्या 'सोलो'ला तरी मागे गाडी असते, डॉक्टर असतो, खिचडी भरवणारा असतो. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या गटात रॅम पूर्ण केली तेव्हाही मागे अख्खी फौज होती. आमच्या बीआरएमला मागे फक्त कुत्री.

राजेहो | १ डिसेंबर, ०९:३०

कुत्र्याचं काय घेऊन बसले राजेहो! आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला जातो, धामणगाव गढीच्या रस्त्यानं. मेळघाट हाय तो. मागच्या डिसेंबरात पहाटे एकटाच चढत होतो. वळणावर काहीतरी काळं बसलेलं दिसलं. मले वाटलं म्हैस. जवळ गेलो तं ते उठून मागच्या दोन पायावर उभं झालं!

थंडी? कायची थंडी? बनियन भिजलं न भाऊ.

अवेळ | १ डिसेंबर, ०९:३४

हसून हसून पुरेवाट! मग पुढे काय झालं?

राजेहो | १ डिसेंबर, ०९:४१

पुढं काय, ते त्याच्या रस्त्यानं गेलं, मी माह्या रस्त्यानं. उतारानं. त्या दिवशी ब्रेक लावलाच नाही, त्यायच्यामुळं बोटं गोठाचा प्रश्न आला नाही.

मीच_ती | १ डिसेंबर, ११:१५

धागा मजेशीर चाललाय, पण 'एकटं' हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरताहेत, म्हणून लिहिते.

मी आठ वर्षं सायकल चालवते, बहुतेक वेळा एकटी. कारण सोपं आहे : माझ्या वेळेला दुसरं कुणी उठत नाही. पेलोटॉन_पाटील पडण्याबद्दल बोलताहेत. मी पडण्याला घाबरत नाही. मला भीती असते ती शेजारी येऊन वेग कमी करणाऱ्या मोटरसायकलची. "मॅडम, कुठे निघालात?" एवढंच विचारतात बहुतेक वेळा. पण तो प्रश्न पहाटे साडेपाचला पिरंगुटच्या पुढे विचारला की त्याचा अर्थ बदलतो. थंडीचा एक फायदा मी कुणाला सांगत नाही, इथे सांगते. कानटोपी, मफलर, ढगळ जाकीट घातलं की मी बाई आहे हे लांबून कळत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हे माझे सर्वांत निवांत महिने असतात.

धागाकर्त्यांना टेम्पोवाल्यांनी सरकून जागा दिली. छान आहे ते, खरंच. मी त्या शेकोटीला थांबले असते का? नसते. गोठलेल्या बोटांनी तशीच खाली उतरले असते. ती माणसं चांगली असणार, बहुतेक असतातच. पण ते तपासायची सोय नसते.

तिसरा_गिअर | १ डिसेंबर, १२:०२

मीच_ती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

पेलोटॉन_पाटील | १ डिसेंबर, १२:१०

मग तुमच्यासाठी तर गटच हवा, माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

मीच_ती | १ डिसेंबर, १२:१८

नाही हो, नेमकं उलटं. गट मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर मी आठ वर्षांत आठ वेळा गेले असते. गटात "तू मध्ये राहा", "तुला जमेल ना", "चढावर थांबू का", हे सगळं असतंच. एकटी असते तेव्हा मी फक्त चढ चढते.

नकाशावेडा | १ डिसेंबर, १३:४०

या निमित्ताने पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची आठवण झाली. २०१८ मध्ये, विशीत, जगाला सायकलने फेरी मारली. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस, बराचसा प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये लुटलं, आणि शेवटी रशियात ऐन थंडीत उणे तापमानात चालवली. डिसेंबरात कोलकात्यात पोचली. आपण पसरणी घाटावर अडीचशे प्रतिसाद लिहिणार असं दिसतंय.

अवेळ | १ डिसेंबर, १३:४४

अस्वल हा या धाग्याचा स्थायीभाव होत चाललाय.

वाऱ्याविरुद्ध | १ डिसेंबर, १६:५५

उट्रेख्टहून. इथे आत्ता दुपारचे साडेबारा वाजायला आलेत आणि बाहेर असं वाटतंय की संध्याकाळ झाली. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारला जातो. पाच अंश, पाऊस आडवा.

गंमत वाटली वाचून. इथे थंडीत एकट्याने सायकल चालवणं ही धागा काढण्याची गोष्टच नाही. सकाळी मुलाला शाळेत सोडते तेव्हा अंधारात शेकडो दिवे लुकलुकत जात असतात. प्रत्येक जण एकटाच असतो, कुणी कुणाशी बोलत नाही. दिवा नसला तर पोलीस दंड करतात. थंडीचं कौतुक नाही आणि तक्रारही फारशी नाही. तक्रार असते ती वाऱ्याची. डोंगर नाहीत ना, म्हणून वारा हाच आमचा घाट. तो जाताना समोरून असतो. येताना दिशा बदलून पुन्हा समोरून.

खोटं वाटेल, पण इथे समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा आहे. २०१३ पासून. झीलंडमध्ये समुद्राला आडवा घातलेला एक प्रचंड बांध आहे, त्यावरून साडेआठ किलोमीटर. सगळ्यांना एकसारख्या, बिनगिअरच्या, सरळ बसायच्या साध्या सायकली देतात. तारीख आधी ठरत नाही. हवामान खात्याने वादळी वारा सांगितला की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात. एकेकाला एकट्यालाच सोडतात, म्हणजे दुसऱ्याच्या मागे लपायची सोय नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी भारतातून आणलेली लोकरीची मोजी घालायचे. भिजली की संपलं. आता आतून पातळ लोकर आणि वरून पाणी न शिरणारा थर. आणि हो, आईने दिलेली माकडटोपी आजही हेल्मेटखाली घालते. एका डच बाईने विचारलं, कुठे मिळते?

राजेहो | १ डिसेंबर, १७:२०

सांगा तिले, अमरावतीच्या जवाहर गेटवर.

भोंगा | १ डिसेंबर, २०:३५

नमस्कार. मी सहसा वाचतो फक्त. वय ७३.

१९७४ साली मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागलो. राहायला कसबा पेठेत. सातच्या पाळीला साडेसहाच्या आधी वाकडेवाडी ओलांडलेली असायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते काही हौसेने नाही, दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून. वाकडेवाडीच्या रस्त्यावर त्या वेळी सगळ्या बाजूंनी सायकली यायच्या आणि कारखान्याच्या दिशेने एकच लोंढा व्हायचा. वर वाऱ्याविरुद्ध यांनी लिहिलंय तसंच. बोलत कुणी नसे. थंडीत तोंडातून वाफा निघत आणि साखळ्यांचा आवाज.

हातमोजे? आमच्यात हातमोजे फक्त लष्करातून निवृत्त झालेल्यांकडे. बाकीचे एक हात खिशात, एक हात हँडलवर, आणि दर विजेच्या खांबाला हात बदलायचा. छातीला वारा लागू नये म्हणून शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालायचो. पोचल्यावर काढून जेवणाच्या सुट्टीत वाचायचं. घामाने अग्रलेखाची शाई बनियनवर उमटलेली असायची.

डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझायचा. त्याआधी काहींकडे घासलेटचा. दिव्याशिवाय पकडलं की पोलिसाला सांगायचं, "साहेब, आत्ताच वाऱ्याने विझला." अनुभवी पोलीस काही न बोलता दिव्याच्या डबीला हात लावून बघायचा, गरम आहे का.

तेव्हा याला राईड म्हणत नव्हते. पण एक सांगतो. रात्रपाळी संपवून परत येताना मात्र लोंढा नसायचा. ओव्हरटाइम करून मी उशिरा निघायचो, मुद्दाम. संगम पुलावर नदीवरून धुकं आलेलं असायचं. घरी चार भावंडं, आई-वडील, आत्या, दोन खोल्या. दिवसभरात एकटा असा मी तेवढाच असायचो, वाकडेवाडी ते कसबा. हे मी घरात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, लवकर येत जा.

तिसरा_गिअर | १ डिसेंबर, २१:०३

काका.

अवेळ | १ डिसेंबर, २१:०५

भोंगा काका, लिहीत जा हो. गरम डबी तपासणारा पोलीस अफाट आहे.

पेलोटॉन_पाटील | १ डिसेंबर, २१:४०

काकांचा प्रतिसाद सुंदर. माझा मुद्दा मात्र मागे घेत नाही. तेव्हा रस्त्यावर सायकली जास्त होत्या, पडलात तर मागून येणारा सायकलवालाच होता. आज मागून येणारा कंटेनर आहे.

वर्तमानपत्राबद्दल : टूर द फ्रान्सचे सायकलपटूसुद्धा घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून पेपर घेऊन जर्सीत कोंबायचे आणि उतरायचे. तीच युक्ती.

मीच_ती | १ डिसेंबर, २१:५२

कंटेनरचं मान्य. त्याला पाच जण असले तरी तो कंटेनरच असतो.

पेलोटॉन_पाटील | १ डिसेंबर, २१:५५

हे मात्र मान्य करावं लागेल.

शंकासुर | २ डिसेंबर, १०:१०

अवांतर : थंडीत टायरची हवा कमी होते का? माझी रोज सकाळी मऊ लागते, दुपारी ठीक. दुकानदार म्हणतो ट्यूब बदला.

पारा_चढला | २ डिसेंबर, १०:४८

ट्यूब बदलू नका इतक्यात. दुपारी ३० अंशाला ८० पीएसआय भरली असेल, तर पहाटे १० अंशाला ती ७४ च्या आसपास दिसेल. हवा कुठे गेलेली नसते, आकसलेली असते. रोज त्याहून जास्त उतरत असेल तर मात्र बारीक पंक्चर, पाण्यात धरून बघा.

फिजिओथेरपी_वगैरे | २ डिसेंबर, १४:२०

मूळ प्रश्नाला अजून कुणी नीट हात घातलेला नाही (श्लेष अभिप्रेत), म्हणून.

बोटं गोठतात ती फक्त बोटांना वारा लागतो म्हणून नाही. शरीराला धड सांभाळायचं असतं. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळतं. चढावर तुम्ही घामाने भिजता, उतारावर पाय थांबतात म्हणजे शेगडीच बंद होते, आणि ओल्या बनियनवर वारा. मग बोटांचा बळी जातो. त्यामुळे जाडजूड हातमोजे घालून उघड्या छातीने उतरलात तरी बोटं गोठतीलच. उलट घट्ट हातमोजे आणखी वाईट, त्यांनी रक्त अडतं.

करायचं असं : घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, अंग गरम असतानाच थांबायचं. कोरडं बनियन असेल तर बदलायचं. वारा न शिरणारं जाकीट घालून चेन गळ्यापर्यंत ओढायची. गळा आणि कान झाकायचे. (आई सांगते ते कानाला वारा लागण्याचं शास्त्र अगदीच टाकाऊ नाही.) मग पूर्ण बोटांचे, जरा सैल हातमोजे. आणि उतारावरही हलक्या गिअरमध्ये पाय फिरवत राहायचं, जोर लागला नाही तरी चालेल. काकांचं वर्तमानपत्र आणि एक हात खिशात हे दोन्ही उपाय शास्त्राला धरून आहेत. फक्त घाटात एक हात खिशात घालू नका.

थंडीत तहान कळत नाही, लघवी मात्र जास्त होते. पाणी पीत राहा.

ज्यांची बोटं थोड्याशा गारव्यानेही पांढरीफटक पडतात, मग निळी, मग लाल, त्यांनी डॉक्टरांना दाखवावं. तो वेगळा प्रकार असू शकतो.

उसाचा_फड | २ डिसेंबर, १४:४५

आणि जाकीट चमकणारं.

फिजिओथेरपी_वगैरे | २ डिसेंबर, १४:४६

आणि जाकीट चमकणारं.

काटकसर | २ डिसेंबर, १५:३०

महागडे हातमोजे घेण्याआधी हे करून बघा. भांडी घासायचे रबरी हातमोजे एक नंबर मोठे आणायचे, आत पातळ सुती घालायचे. वारा, दव, पाणी काही शिरत नाही. किंमत सांगत नाही, लाज वाटेल इतकी कमी आहे. रंग पिवळा आला तर उसाचा_फड पण खूश.

अवेळ | २ डिसेंबर, १५:३३

वाचनखूण साठवली.

तिसरा_गिअर | ७ डिसेंबर, ११:२०

मंडळी, अहवाल देतो.

आज पहाटे पुन्हा निघालो. लांब नाही, कात्रजचा जुना घाट, बोगद्यापलीकडे थोडं उतरून परत. पुण्यात बरीच थंडी होती. काटकसर यांचे पिवळे हातमोजे, आत सुती, छातीला पेपरची पुरवणी, वर जाकीट, त्यावर हिरवा चमकता पट्टा. आरशात बघितलं तर महापालिकेचा माणूस ड्रेनेज साफ करायला निघाल्यासारखा दिसत होतो. बोगद्याच्या तोंडाशी थांबून सगळं नीट बांधलं, पाय फिरवत उतरलो. बोटं शेवटपर्यंत माझीच होती. हातमोज्यात आतून घाम येतो, ती एक तक्रार. तापमानाच्या व्यस्ततेचाही पडताळा घेतला : वर बोगद्याशी बरं होतं, खाली कात्रज तळ्यापाशी गारठा.

आता घरच्या प्रश्नाबद्दल. भोंगा काकांचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग निघताना सांगून जा, कुठल्या रस्त्याने ते. बाकी मी विचारणार नाही." आज डायनिंग टेबलवर चिठ्ठी ठेवून गेलो. जुना घाट, आठपर्यंत.

सव्वाआठला पोचलो. चिठ्ठीखाली तिने लिहून ठेवलं होतं : हातमोजे सिंकपाशी ठेव.